चोडणचं पक्षी अभयारण्य: बेळगाव-खानापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, अधूनमधून चंदगडहूनही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो.

१. चोडण म्हणजे नक्की कुठं? आणि तिथं अभयारण्य आहे हे आम्हाला आजवर कसं माहीत नाही?

पणजी आणि जुनं गोवं यांच्या मधे रायबंदर लागतं. तिथल्या धक्क्यावर उभं राहून मांडवीच्या पलीकडे जी हिरवी भिंत दिसते, ती चोडण बेटाची कड. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सलीम अली १९८७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, हे जाहीर झालं. क्षेत्रफळ अवघं १.७८ चौरस किलोमीटर. गोव्यातल्या अभयारण्यांत सगळ्यात लहान, आणि खास पक्ष्यांसाठी राखलेलं एवढंच.

माहीत नाही याचं कारण सरळ आहे. बेळगावकर गोव्याला ज्या कामासाठी जातो, त्या वाटेवर रायबंदरचा धक्का येत नाही.

२. हे समुद्रातलं बेट आहे का? वाळूचं, लाटांचं?

नाही. ही चूक पुष्कळ जण करतात आणि मुलांना पोहण्याचे कपडे घेऊन येतात. लाटा आणि प्रवाह किनाऱ्यालगत वाळू साठवून जी लांबट बेटं किंवा दांडे तयार करतात, तो प्रकार वेगळा. मालवणजवळ कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधला देवबागचा वाळूचा दांडा त्याच जातकुळीतला. समुद्राचा मार तो दांडा स्वतः खातो आणि मागची खाडी शांत राहते.

चोडण हे खाडीतलं बेट आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला म्हापसा नदी. इथं वाळू नाही, गाळ आहे, आणि त्या गाळात पाय रोवून उभं असलेलं कांदळवन आहे. बेटावर गावं आहेत, शेती आहे, देवळं आणि चर्च आहेत. अभयारण्य हा त्याचा एक कोपरा.

३. बेळगावहून कसं जायचं?

पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली. पणजीपर्यंत साधारण ११० किलोमीटर. घाटाची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते, तेव्हा निघण्याआधी कालपरवा जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा. अनमोडमार्गे अंतर जास्त पडतं.

डिचोलीहून दोन वाटा. एक पणजीमार्गे रायबंदरला जाऊन फेरीबोट. दुसरी मयेवरून, रस्त्यानंच, पुलावरून थेट बेटावर. मोठी गाडी आणि सोबत म्हातारी माणसं असतील तर मयेची वाट सोयीची. पण पहिल्यांदा जाणार असाल तर फेरीनंच जा, नदीची रुंदी कळते. एसटीनं जायचं असेल तर मध्यवर्ती बस स्थानकावरून पणजी गाठा आणि तिथून जुन्या गोव्याकडे जाणारी बस धरून रायबंदरला उतरा.

एक विनंती. पहाटे दोन-तीनला निघून सकाळी पोचायचा बेत पुष्कळ जण करतात. जांबोटी ते कणकुंबी हा पट्टा रानाचा आहे, रात्री गवे रस्त्यावर येतात, आणि धुकं असलं तर गवा दिसतो तो बंपरच्या पुढ्यातच. आदल्या दिवशी उजेडात घाट उतरा, पणजीत किंवा डिचोलीत मुक्काम करा.

४. फेरीला पैसे लागतात का? गाडी पलीकडे न्यावी का?

साध्या फेरीवर पायी जाणाऱ्याला लागत नाहीत. चारचाकीला थोडं शुल्क आहे. २०२५ पासून या मार्गावर मोठ्या रो-रो फेरीही (गाड्या थेट आत चढतात-उतरतात अशा बोटी) सुरू झाल्या आहेत, त्यामुळे रांग पूर्वीएवढी राहिली नाही. तरी गाडी रायबंदरलाच लावा, कारण अभयारण्याचं दार चोडणच्या धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे.

ही फेरी म्हणजे पर्यटकांची बोट नव्हे. कामाला निघालेली माणसं, शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका तिच्यावर असतात. धक्क्याला लागल्यावर त्यांना आधी उतरू द्या, मग सेल्फी.

५. कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा उत्तरेकडचे पाहुणे पक्षी आलेले असतात आणि उकाडा सहन होतो. मार्चनंतर खाडीकाठचा दमटपणा बेळगावच्या हवेत वाढलेल्याला झेपत नाही. पण महिन्यापेक्षा दिवस आणि वेळ महत्त्वाची. ते पुढच्या उत्तरात.

६. "भरती-ओहोटी बघून या" असं सगळे सांगतात. आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला ती कशी कळणार?

घरात कालनिर्णय आहे ना? मग झालं. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. चतुर्थी म्हणजे ४, त्याची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि पहाटेही. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते. चोडण समुद्रापासून आत असल्यानं अर्धा तास इकडे-तिकडे धरा.

आता याचा उपयोग. गाळावर चरणारे पक्षी, खेकडे, निवट्या (चिखलात सरपटणारे मासे) बघायच्या तर सकाळी ओहोटी हवी. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या आगेमागे पाणी सगळ्यात खाली. तृतीयेला साडेआठ. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला एक-दोन दिवसच झालेले असतात, त्यामुळे पाणी खूप मागं जातं आणि गाळाचा पट्टा रुंद उघडा पडतो. उलट होडीतून आत शिरायचं तर सकाळी भरती हवी. एकादशीला ती सव्वाआठच्या सुमारास मिळते. आमच्यात म्हणच पडली आहे: द्वितीयेला चिखल, एकादशीला होडी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. तो दिवस शक्यतो टाळा.

हा ढोबळ हिशेब आहे. नेमकी मिनिटं हवी असतील तर मोबाइलवर पणजीचं भरतीचं वेळापत्रक मिळतं.

७. तिथं दिसतं काय? वाघ-बिबट्या नसणार, मग एवढ्या लांब कशाला?

वाघ बघायचा तर खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, तो दिसेल याची हमी तिथंही कुणी देणार नाही. इथं बघायचं ते पायाशी आणि डोळ्याच्या रेषेत.

दारातून आत गेलं की बांधावरून पायवाट जाते आणि दोन्ही बाजूंना कांदळवन. तिवराच्या झाडाखाली गाळातून बोटाएवढे हजारो खुंट वर आलेले दिसतील. ती मुळं आहेत. गाळात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर पाठवतं. तिवराचं पान उलटं करून उन्हात धरा, मागच्या बाजूला मिठाचे बारीक कण चमकतात. झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि हातभर लांब हिरवी शेंग होऊन लोंबतं. खाली पडल्यावर गाळात रुततं, किंवा भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे जाऊन मूळ धरतं.

ओहोटीला गाळावर निवट्या बघा. मासा असून पुढच्या परांवर सरपटत चालतो, टुणकन उडी मारतो. डोळे डोक्याच्या वर, मधेच एक डोळा आत ओढून ओला करून परत बाहेर काढतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर उभा करून एकमेकांना दम देतात. शेजारीच फिडलर खेकडे. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती तो सारखी हलवत असतो. माद्यांना बोलावणं आणि दुसऱ्या नरांना धाक, दोन्ही कामं त्यात येतात. खाण्यासाठी दुसरी, लहान नांगी.

पक्ष्यांत खंड्याच्या जाती ही इथली खासियत. आपल्या तळ्यांवर दिसणारे नेहमीचे आहेतच, शिवाय पांढऱ्या गळपट्टीचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन खाडीचे खंड्या. काळ्या डोक्याचा लाजरा आहे, पण त्याची लाल चोच आणि जांभळी-निळी पाठ एकदा दिसली की पुन्हा शोधायला यावं लागतं. हिरवा बगळा मुळांत दगडासारखा बसलेला असतो. समुद्री बगळा, तुतवार, सुरय, ब्राह्मणी घार, हिवाळ्यात कैकर. पाणमांजरं आहेत, कोल्हे आहेत, झाडांवर वटवाघळं आहेत. पाणमांजर दिसणं नशिबाचा भाग.

बदकांचे थवे हवे असतील तर चोडणला निराशा होईल. त्यासाठी नदीच्या रायबंदरकडच्या बाजूला करमळीचं तळं बघा. अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी तिथं सहज भेटतात.

८. मगरी आहेत म्हणे. खरं का?

खरं. मांडवीला जोडलेल्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. जात आपल्या गोड्या पाण्यातल्याच मगरीची, पण तिथं ती खाऱ्या-मचूळ पाण्यात रुळली आहे. चोडणच्या बाजूलाही कधीमधी दिसते. बांधावरून चालणाऱ्याला भीती नाही. पाण्यात पाय सोडून बसू नका, गाळात उतरू नका. गाळात उतरायची बंदीच आहे, आणि उतरलात तर मगरीआधी गाळच तुम्हाला धरून ठेवील.

९. होडी मिळते का?

मिळते, पण भरतीलाच. ओहोटीला आतल्या चरांत पाणीच उरत नाही. कुठल्या दिवशी भरती सोयीची ते प्रश्न ६ मध्ये. आधी दारावरच्या वन खात्याच्या माणसांना विचारा, परस्पर कुणाशी सौदा करू नका. इंजिनाची होडी असेल तर आत शिरल्यावर इंजिन बंद करायला सांगा. वल्ह्याच्या होडीत जे दिसतं ते इंजिनाच्या होडीत दिसत नाही.

१०. लहान मुलं, आजी-आजोबा यांना जमेल का?

पायवाट सपाट आणि छोटी आहे. जांभा दगड शेवाळ्यानं निसरडा होतो तेवढं सांभाळा. टेहळणीच्या मनोऱ्यावर आजोबांनी चढलंच पाहिजे असं नाही. मुलांना खेकडे दाखवा, पक्ष्यांच्या नावांचा मारा करू नका. शाळेची सहल न्यायची असेल तर पन्नास जणांना एकदम आत सोडण्यात अर्थ नाही. दहा-बाराच्या गटांनी जा, बाकीच्यांना तोवर रायबंदरच्या धक्क्यावर थांबवा.

११. सोबत काय घ्यावं?

दुर्बीण, टोपी, पाण्याची स्टीलची बाटली, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट, मागं पट्टा असलेली पादत्राणं, डासांचं मलम. तिकीट आणि कॅमेऱ्याच्या शुल्कासाठी सुटे पैसे. खायला आणलेला कुंदा (आपली बेळगावी मिठाई) मुक्कामावर ठेवा.

१२. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावलं तर चालतं का? ड्रोन?

ड्रोन नाही, विषयच संपला. आवाजाबद्दल लोक वाद घालतात, म्हणून थोडं सविस्तर. पक्ष्याला तो आवाज आपल्या हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराचा वाटतो. तो खाणं सोडतो, पिल्लांना भरवणं सोडतो आणि भांडायला येतो. तुमचा फोटो होतो, त्याची सकाळ जाते. आणि शनिवार-रविवारी असे वीस जण येऊन जातात. फ्लॅशही वापरू नका.

१३. कांदळाची एक शेंग आणून घरी कुंडीत लावली तर? झाड वाढवणं चांगलंच ना?

हेतू चांगला, तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यातून काहीही उचलून नेणं गुन्हा आहे. पडलेली शेंग, पीस, शिंपलासुद्धा. बेटावरच्या बाजारात विकत मिळणारे खेकडे-मासे ही गोष्ट वेगळी, ती खुशाल घ्या.

१४. आमची गाडी केए २२, म्हणजे बेळगावची. म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्यात एवढं तापलेलं असताना तिथं कुणी अडवत नाही ना?

पाणी हा सरकारांचा वाद आहे. चोडणच्या धक्क्यावर नंबरप्लेट बघून कुणी वाकडं बोलल्याचं आमच्या ऐकण्यात नाही. कोकणी येत नसेल तर मराठी बोला, सगळं चालतं. गाडीची कागदपत्रं मात्र पूर्ण ठेवा. आणि परतताना डिकीत काय आहे याची जबाबदारी तुमची, चेकपोस्टवर आमचं नाव सांगू नका.

१५. पक्षी गोव्यातले, अभयारण्य गोव्याचं. त्याच्या रक्षणाशी आमचा काय संबंध?

हे पान लिहिण्याचं खरं कारण हाच प्रश्न. मांडवी म्हणजे म्हादई, आणि म्हादई उगम पावते खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात. पहिले साधारण ३५ किलोमीटर ती कर्नाटकातून वाहते. तिच्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्यातले ३७५ आपल्याकडचे आहेत. भीमगड अभयारण्य, जे २०११ मध्ये जाहीर झालं, ते या पाण्याचं माहेर.

खाडीला गोडं आणि खारं दोन्ही पाणी लागतं. मांडवीत भरती थेट गांजे गावापर्यंत आत चढते. पावसाळ्यात वरून लोंढा येतो आणि खारं पाणी मागं हटतं. जानेवारीनंतर लोंढा नसतो, तेव्हा खाऱ्याला तोंड देतं ते फक्त रानातल्या झऱ्यांतून पाझरणारं पाणी. ते किती येणार हे हेम्मडगा, गवळी, तळेवाडीच्या बाजूचं रान किती दाट आहे यावर ठरतं. चोडणच्या दारात "निसर्ग वाचवा" पाटीसोबत फोटो काढून परतताना जांबोटीला थांबून चोरट्या लाकडाचा पलंग ठरवणारे लोक आमच्या माहितीत आहेत. त्यांना बेटाचं प्रेम आहे हे आम्हाला पटत नाही.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. चोर्ला घाटाच्या कठड्यावर बसून फेकलेली बाटली पहिल्या वळवाला ओढ्यात, ओढ्यातून वाळवंटीत आणि तिथून मांडवीत जाते. तिवराच्या त्या खुंटांमध्ये अडकलेलं प्लास्टिक बघा, त्यात आपल्याकडच्या दुधाच्या पिशव्याही असतात. भरती ते उचलून नेत नाही, आणखी आत दाबते. घाटात डबा खा, पण पिशवी गाडीत परत न्या.

१६. मग म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेला तुमचा विरोध आहे का? आम्हाला पाणी नको का?

पाणी सगळ्यांना हवं. आधी आकडे, कारण भांडणं बहुतेक आकडे न बघता होतात. म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी, म्हणजे वापरून परत नदीत सोडायचं. मलप्रभेत वळवायचं ते कळसाचं १.७२ आणि भांडुऱ्याचं २.१८. उरलेलं दीड टीएमसी खोऱ्यातच वापरायचं. निवाड्याविरुद्ध राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत.

आमचं मत विचाराल तर किती टीएमसी यापेक्षा कधी आणि कुठून हा प्रश्न मोठा आहे. ऑगस्टमधलं पाणी आणि मार्चमधलं पाणी एका मापानं मोजता येत नाही. पावसाळ्यात उचललेल्या पाण्यानं खाडी लगेच खारी होणार नाही. पण त्यासाठी रान फोडून कालवे आणि जलवाहिन्या नेल्या, झऱ्यांची तोंडं बदलली, तर उन्हाळ्यातला पाझर आटतो आणि तो पुन्हा आणता येत नाही. त्याची पहिली झळ चोडणला नव्हे, कणकुंबीच्या विहिरींना बसेल. मलप्रभाही कणकुंबीलाच उगम पावते, हे विसरू नका. रान तुटलं तर पूर्वेचं आणि पश्चिमेचं दोन्ही पाणी एकदम जाईल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एप्रिलमध्ये खानापूरच्या पश्चिम भागातल्या गावांत दोन दिवस राहून यावं.

१७. कांदळवन वाढलं की चांगलंच, असं धरायचं ना?

नेहमी नाही. गोव्याच्या खाड्यांकाठी शतकानुशतकं खाजन शेती आहे. मातीचे बांध घालून खारं पाणी अडवायचं, मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारातून भरती-ओहोटीचं पाणी हवं तेवढंच आत-बाहेर सोडायचं, पावसाळ्यात भात आणि उरलेल्या काळात मासळी. शेती सुटली, बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि पाठोपाठ कांदळ उगवतं. बाहेरून बघणाऱ्याला हिरवळ दिसते, शेतकऱ्याला बुडालेलं शेत. नंतर शेत परत करायचं म्हटलं तर कांदळ तोडायला कायदा आड येतो, कारण किनारा नियमनात कांदळवनाला सगळ्यात वरचं संरक्षण आहे.

म्हणून चोडणच्या शेतकऱ्यानं कांदळाबद्दल कुरकुर केली तर त्याला निसर्गाचा शत्रू समजू नका. बांध धड राहिला तर बाहेर कांदळ आणि आत भात, दोन्ही टिकतात. पक्ष्यांना दोन्ही लागतात.

१८. एका दिवसात आणखी काय बघता येईल?

करमळी (प्रश्न ७) आणि परतीच्या वाटेला थोडं वळण घेऊन माशेल. तिथलं देवकीकृष्णाचं देऊळ मूळ चोडणचं. पोर्तुगिजांच्या काळात, सोळाव्या शतकात, देव नदीपलीकडे हलवला. चोडण बघून आल्यावर ते देऊळ वेगळं दिसतं.

१९. एवढं लांब जमत नाही. बेळगाव जिल्ह्यातच पाणपक्ष्यांसाठी काही नाही?

आहे. गोकाकजवळ धुपदाळच्या बंधाऱ्याचं पाणी आणि त्यातली बेटं मिळून घटप्रभा पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात कांड्या करकोचे आणि युरोपातले पांढरे करकोचे येतात. घटप्रभा स्टेशनपर्यंत रेल्वेनं जाता येतं. तिथं भरती-ओहोटी नाही, तेव्हा प्रश्न ६ विसरा. पहाटे जा, एवढंच.

२०. पक्ष्यांच्या नोंदी इ-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकू का? घरटं सापडलं तर?

नोंदी जरूर टाका, साध्या कावळ्या-बगळ्यांच्याही. जानेवारीत आशियाभर पाणपक्षी गणना होते, तेव्हाच्या नोंदी जास्त कामाच्या. पक्षी ओळखता आला नाही तर अंदाजानं नाव घालू नका, "खंड्या, जात माहीत नाही" अशी नोंद चालते.

घरट्याची गोष्ट वेगळी. त्याचा फोटो किंवा नकाशावरची जागा कुठंही टाकू नका, आपल्या वॉट्सॲप गटावर तर मुळीच नाही. पुढच्या रविवारी तिथं दहा कॅमेरे उभे राहतात. दारावरच्या वनरक्षकाला तोंडी सांगा. जखमी पक्षी किंवा जाळ्यात अडकलेलं पाणमांजर दिसलं तरी तेच: स्वतः सोडवायला जाऊ नका, जागा लक्षात ठेवून वनरक्षकाला बोलवा आणि तो येईपर्यंत कुत्री आणि माणसं लांब ठेवा.